कविता व्हायरल, कवी गायब! दुसऱ्याच्या कविता, कथा, चित्रांची शिफारस नेमकी कशी करायची?

२७ फेब्रुवारी जवळ आली की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर कवितांचा पाऊस सुरू होतो. तो मराठी भाषा गौरव दिन, म्हणजेच कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. गुलाबाच्या फोटोवर, सूर्यास्ताच्या फोटोवर, कधी नुसत्याच हिरव्या पार्श्वभूमीवर ओळी येत राहतात. काहींखाली कुसुमाग्रजांचं नाव असतं, काहींखाली पु. ल. देशपांडे यांचं, काहींखाली व. पु. काळे यांचं. बऱ्याच ओळींखाली मात्र काहीच नसतं. फार तर दोन हात जोडलेले इमोजी.

यातल्या कितीतरी ओळी त्या लेखकांच्या पुस्तकांत शोधूनही सापडत नाहीत. म्हणजे कुठेतरी कोणीतरी आज हयात असलेल्या माणसाने त्या लिहिल्या, लोकांना त्या आवडल्या, लोकांनी त्या पुढे पाठवल्या आणि या सगळ्या प्रवासात लिहिणाऱ्याचं नाव गळून पडलं.

पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला कविता आवडलेली असते, आपल्या माणसांनीही ती वाचावी असं वाटत असतं. पण 'मला आवडलं म्हणून पुढे पाठवलं' आणि 'मी या लेखकाची शिफारस केली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत मजकूर पोहोचतो, दुसरीत माणूस पोहोचतो.

तर मग चांगली शिफारस म्हणजे काय? ती केल्याने खरंच काही फरक पडतो का? पूर्ण कविता टाकली आणि खाली नाव दिलं, तर कायद्याने ते चालतं का? एकेक मुद्दा समजून घेऊया.

एका शिफारशीने काय होऊ शकतं?

याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण आहे बहिणाबाई चौधरी.

जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करताना त्यांना गाणी सुचायची आणि त्या ती म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातली काही वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. बाकीची हवेत विरली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः कवी होते, पण आईची गाणी लोकांसमोर मांडायला ते बिचकत होते. शेवटी त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. हे बावनकशी सोनं आहे आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, असे अत्र्यांचे उद्गार तेव्हापासून सांगितले जातात. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं, ते अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

अत्र्यांनी इथे काय केलं ते नीट बघा. गाणी आपल्या नावावर खपवली नाहीत. 'एका अडाणी बाईची गाणी' एवढंच म्हणून सोडून दिली नाहीत. नाव सांगितलं, ही बाई कोण हे सांगितलं, तिची बोली प्रमाण मराठीत 'सुधारून' घेतली नाही आणि आपल्याला यात काय दिसलं ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं. चांगल्या शिफारशीत जे जे असावं लागतं, ते सगळं यात आहे.

दुसरं उदाहरणही जळगावचंच. १९०७ साली तिथे महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. त्यात विशीही न गाठलेल्या एका पोराने कविता म्हटली. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे मूळ नाव आज पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत उरलंय, बालकवी मात्र घराघरात आहेत.

तिसरं उदाहरण जरा वेगळं. १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातलं जग, तिथली भाषा पांढरपेशा वाचकाला परकी होती. तेंडुलकरांनाही ती परकीच होती आणि त्यांनी ते लपवलं नाही. 'मला सगळं कळलंय' असा आव न आणता शिफारस करता येते, उलट ती जास्त खरी वाटते, हे यातून दिसतं.

आणि पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांना कसं विसरायचं? स्वतः लोकप्रियतेच्या शिखरावर असताना त्यांनी गोव्याच्या बा. भ. बोरकरांच्या आणि बा. सी. मर्ढेकरांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम केले. गर्दी पु.लं.साठी यायची आणि घरी जाताना बोरकर, मर्ढेकर घेऊन जायची. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आपला 'रीच' दुसऱ्यासाठी वापरला.

नाव टिकवायची आठशे वर्षं जुनी युक्ती

कवितेपासून कवीचं नाव तुटतं, ही अडचण मोबाईलने आणलेली नाही. जेव्हा सगळं तोंडीच चालायचं, तेव्हा तर हा धोका आणखी मोठा होता. आपल्या संतकवींनी त्यावर साधा उपाय काढला होता : नाव कवितेच्या आतच गुंफायचं.

'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', 'चोखा म्हणे'. याला नाममुद्रा म्हणतात. ती अभंगाच्या शेवटच्या चरणात येते आणि लयीत बसलेली असते. ती काढली तर चरणच मोडतो. म्हणजे नाव कापून अभंग पुढे 'फॉरवर्ड' करणं जवळपास अशक्य.

ही युक्ती किती चालली? नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. पंढरपूरपासून पंजाब, वेगळी भाषा, वेगळी लिपी, वेगळा समाज आणि मधली कित्येक वर्षं. तरी नाव टिकलं.

अर्थात हीही युक्ती पूर्ण बिनधोक नव्हती. दुसऱ्याने रचलेल्या ओळींत मोठ्या संताची मुद्रा घातली गेल्याची प्रकरणं अभ्यासकांना जागोजागी सापडतात. आजही आपल्याच ओळी कुसुमाग्रजांच्या नावाने सोडणारे लोक आहेत, ते काही नवीन करत नाहीयेत.

एक गोंधळ तर आजही नियमित दिसतो. ज्ञानदेवांनी पाया रचला आणि तुकोबा कळस झाले, या अर्थाचा प्रसिद्ध अभंग सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंच्या नावावर आहे. त्या तुकारामांना गुरू मानणाऱ्या संत कवयित्री. वर सांगितलेल्या बहिणाबाई चौधरी या त्यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी झाल्या. पण फॉरवर्डमध्ये एकीचा फोटो आणि दुसरीची ओळ असा प्रकार सर्रास चालतो. गंमत म्हणजे तो अभंगच मुळात एक शिफारस आहे : आपल्या आधी कोणी काय काम केलं, ते नावानिशी सांगणारी.

मग आज नाव नेमकं गळतं कुठे?

चार ठिकाणी.

एक, कॉपी-पेस्ट. फेसबुकवर 'शेअर'चं बटण दाबलं तर मूळ पोस्ट, मूळ नाव आणि मूळ प्रोफाइलची वाट शाबूत राहते. पण मजकूर कॉपी करून आपल्या भिंतीवर टाकला की ती वाट बंद होते. मूळ लेखकाने नंतर एखादी चूक दुरुस्त केली, तरी तुमच्याकडची प्रत तशीच राहते.

दोन, व्हॉट्सॲप फॉरवर्ड. व्हॉट्सॲप 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवतं. मेसेज पाच किंवा जास्त टप्पे फिरून आला असेल तर दोन बाणांची खूण येते आणि तो एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. ही मर्यादा २०२० च्या एप्रिलमध्ये आली. पण तो पहिल्यांदा कोणी लिहिला, हे त्यात कुठेच दिसत नाही. मजकुरात नाव असेल तरच ते टिकतं. शेवटच्या ओळीखालचं नाव खोडायला मात्र बॅकस्पेसचे दोन सेकंद पुरतात.

तीन, स्क्रीनशॉट. स्टोरीवर टाकताना वरचं प्रोफाइल नाव आणि खालच्या कमेंट छान दिसत नाहीत, म्हणून आपण फोटो कापतो. त्यात नावही कापलं जातं. चित्राच्या बाबतीत तर कोपऱ्यातली सहीच उडते.

चार, मोठं नाव चिकटणं. निनावी ओळीपेक्षा प्रसिद्ध नाव असलेली ओळ जास्त लोक वाचतात. म्हणून कोणीतरी ते चिकटवतो. प्रयत्न करणाऱ्यांची हार होत नाही, या आशयाची प्रसिद्ध हिंदी कविता कित्येक वर्षं हरिवंशराय बच्चन यांची म्हणून फिरत राहिली. शेवटी ती आपल्या वडिलांची नसून सोहनलाल द्विवेदी यांची आहे, हे अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितलं. तरीही ती आजही बच्चन यांच्या नावाने येतेच.

यात तोटा कोणाचा? कुसुमाग्रज किंवा बच्चन यांचा फारसा नाही. तोटा होतो तो नवीन लिहिणाऱ्याचा. समजा नांदेडमधल्या एका मुलीची कविता लाखभर लोकांनी वाचली, पण नावाशिवाय. तिला कवितावाचनाचं आमंत्रण येणार नाही. दिवाळी अंकाच्या संपादकाला ती सापडणार नाही. प्रकाशकाकडे गेली तर 'ही तर व्हॉट्सॲपवरची कविता आहे' असं तिलाच ऐकावं लागेल. आणि आपलीच कविता आपण चोरलेली नाही, हे सिद्ध करायची वेळही तिच्यावरच येईल.

कायदा काय सांगतो?

भारतात याबाबत कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. सामान्य वापरकर्त्याला त्यातल्या पाच गोष्टी माहीत असल्या तरी पुरे.

१. नोंदणी लागत नाही. कविता, कथा, चित्र तयार झालं की हक्क आपोआप निर्माण होतो. 'कॉपीराइट घेतलाय का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. नोंदणीचा उपयोग पुरावा म्हणून होतो, हक्क मात्र तिच्यावर अवलंबून नाही.

२. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मृत्यू ज्या वर्षी झाला, त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ही ६० वर्षं मोजतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ पासून मुक्त आहेत. केशवसुत, बालकवी तर त्याच्या खूप आधीपासून. कुसुमाग्रजांचं निधन १९९९ चं, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ संपेपर्यंत आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या साहित्याची मुदत मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जाते.

३. श्रेय देणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. हा सगळ्यात मोठा गैरसमज. हक्क शाबूत असलेली पूर्ण कविता किंवा कथा आपल्या पेजवर टाकायची, तर लेखकाची परवानगी लागते. खाली नाव लिहिलं म्हणून ती मिळाली असं होत नाही. 'क्रेडिट : मूळ मालकाला' या ओळीला तर काहीच अर्थ नाही.

४. परीक्षणासाठी सूट आहे. कायद्याच्या कलम ५२ नुसार समीक्षा, परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन किंवा खासगी वापर यांसाठी रास्त प्रमाणात वापर करता येतो. तुम्ही एखाद्या संग्रहाबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि त्यात दोन-चार ओळी दिल्या, तर ते सहसा या सुटीत बसतं. तीस कवितांचे तीस फोटो टाकले आणि वर 'जरूर वाचा' लिहिलं, तर बसत नाही.

५. नावाचा हक्क विकला तरी जात नाही. कलम ५७ लेखक-कलावंताला दोन विशेष हक्क देतं : हे माझं आहे असं सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड रोखण्याचा. कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी हे हक्क राहतात.

पाचव्या मुद्द्याचं गाजलेलं उदाहरण शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भव्य ब्राँझ म्युरल नूतनीकरणात उतरवलं गेलं आणि त्याची नासधूस झाली. म्युरल सरकारने करवून घेतलेलं होतं, सरकारच्याच मालकीचं होतं. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष सहगल यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वस्तू तुमची असली तरी कलाकृतीशी कलावंताचं नातं तुटत नाही, हे त्यामागचं तत्त्व.

आता कोणी तुमच्या कवितेच्या फॉरवर्डसाठी लगेच कोर्टात जाईल असं नाही. पण कोणी 'माझी कविता आहे, नाव टाका' असं म्हणालं, तर तो उपकार मागत नसतो, हक्क मागत असतो. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी भांडणं मिटतील.

चित्रांचा मामला जरा वेगळा आहे

कवितेतली ओळ सर्चमध्ये टाकता येते. चित्राचं तसं नाही. म्हणून चित्रकाराचं नाव गळलं की परत सापडायला जास्त अवघड.

छापील काळात सही हा आधार होता. मूळचे गोव्याचे दीनानाथ दलाल यांनी असंख्य पुस्तकांची मुखपृष्ठं केली, 'दीपावली' अंक काढला. त्यांची सही वाचकांना दुरून ओळखू यायची. पुस्तकाच्या आतल्या पानावर 'मुखपृष्ठ : अमुक' अशी ओळ छापायची मराठी प्रकाशकांची पद्धत आजही आहे. पण आपण पुस्तकाचा फोटो टाकतो तेव्हा लेखकाचं नाव लिहितो, मुखपृष्ठ करणाऱ्याचं लिहितो का? पुढच्या वेळी ती ओळ शोधून लिहून बघा. पाच शब्दांचं काम आहे.

लोककलेत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. वारली चित्रं आज कुर्त्यांपासून कॅफेच्या भिंतींपर्यंत सगळीकडे दिसतात. मूळ परंपरेत पालघर भागातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर चौक काढायच्या, त्यावर सही नसायची. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे.

पण भौगोलिक मानांकन हे त्या भागाच्या परंपरेचं संरक्षण आहे, एकेका चित्रकाराच्या चित्राचं नाही. म्हणून 'सुंदर वारली आर्ट' एवढंच लिहून चित्र शेअर केलं, तर परंपरेचं नाव झालं, पण ते चित्र काढणाऱ्या माणसाचं झालं नाही. कोणी काढलंय, कुठल्या गावात, विकत घ्यायचं तर कोणाला विचारायचं, हे लिहिलं तर त्या घरात दोन पैसे जाऊ शकतात. हेच कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीच्या चित्रकथीबद्दल. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. ठाकर समाजाने ती कला मात्र पिढ्यानपिढ्या जपली होती.

अल्गोरिदमला काय आवडतं?

'आम्ही नाव टाकतो हो, पण त्याने काय होणार? सगळं अल्गोरिदमच ठरवतं,' असं अनेकांना वाटतं. यात थोडं तथ्य आहे, पण चित्र एकतर्फी नाही.

एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने आपल्या शिफारशींच्या पद्धतीत बदल जाहीर केले. दुसऱ्यांचा मजकूर उचलून पुन्हा टाकणारी मोठी अकाउंट्स फोफावतात आणि मूळ निर्माते मागे राहतात, ही तक्रार त्यामागे होती. सारख्याच दोन पोस्ट असतील तर शिफारस करताना मूळ पोस्टला प्राधान्य देऊ आणि ३० दिवसांत १० किंवा त्याहून जास्त वेळा दुसऱ्याचं साहित्य तसंच्या तसं टाकणाऱ्या अकाउंटची शिफारस करणार नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. म्हणजे उचलेगिरी आता पेजवाल्यांच्याही फायद्याची राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट, इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी वेळोवेळी सांगितलंय की लोक एखादी पोस्ट डीएममधून एकमेकांना किती पाठवतात, याला नव्या लोकांपर्यंत पोहोचण्यात मोठं वजन आहे. त्यामुळे मूळ पोस्टच थेट मैत्रिणीला पाठवणं, ही लेखकाला केलेली खरी मदत आहे. स्क्रीनशॉट पाठवला तर ती मदत त्याच्या खात्यात जमा होत नाही.

दोघांनी मिळून काही केलं असेल, एकाची कविता आणि दुसरीचं चित्र, तर 'कोलॅब' पोस्टचा पर्याय आहे. त्यात दोन्ही नावं वर दिसतात आणि पोस्ट दोघांच्याही फॉलोअर्सना जाते.

शिफारस लिहायची कशी?

आधी दोन नमुने बघा.

'भन्नाट लिहितात. नक्की फॉलो करा.'

आणि हा दुसरा :

'या ऊसतोडीच्या टोळीसोबत वाढल्या आणि त्याबद्दल कथा लिहितात. रडकं काही नाही, उलट पात्रं फार मिश्कील आहेत. बोली बीडकडची आहे, पहिली दोन पानं सावकाश वाचा, मग गाडी सुटते. सुरुवात त्यांच्या कोयत्यावरच्या कथेपासून करा. लिंक खाली.'

(ही लेखिका फक्त नमुन्यासाठी आहे.) दुसरा मजकूर जेमतेम पाच-सहा ओळींचा आहे, पण वाचणाऱ्याला काय मिळणार, कुठे अडायला होणार आणि सुरुवात कुठून करायची, हे सगळं त्यात आहे. चांगल्या शिफारशीत या गोष्टी असाव्यात :

- पूर्ण नाव, लेखक जसं लिहितो तसंच. टोपणनावाने लिहीत असेल तर टोपणनावच.
- काय लिहितात किंवा काढतात, एका वाक्यात. 'कविता' एवढं पुरत नाही, कशाबद्दलच्या ते सांगा.
- तुम्हाला काय भावलं, तुमच्या शब्दांत. 'अप्रतिम', 'शब्दच नाहीत' हे दोन शब्द शक्यतो टाळा. शब्द नसतील तर शिफारस कशाने करणार?
- सुरुवात कुठून करायची, एक कविता, एक कथा, एक चित्र.
- थेट वाट, म्हणजे मूळ पोस्टची लिंक, टॅग किंवा पुस्तक असेल तर प्रकाशकाचं नाव.
- तुमचं नातं. मित्र असेल तर 'मित्र आहे' असं लिहा. त्याने शिफारशीचं वजन कमी होत नाही, विश्वास वाढतो.

आणखी एक. एका पोस्टमध्ये ३० जणांना टॅग करण्यापेक्षा तीन जणांबद्दल तीन-तीन ओळी लिहा. ३० नावांची यादी लोक लाइक करतात आणि पुढे जातात. 'तू मला टॅग कर, मी तुला करतो' असला हिशेब तर वाचणाऱ्याला दोनच खेपांत कळतो. त्यानंतर तुमच्या खऱ्या शिफारशीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नाव माहीतच नसेल तर?

पाच मिनिटं शोधा.

कवितेतली सगळ्यात वेगळी वाटणारी ओळ अवतरणचिन्हात घालून देवनागरीत सर्च करा. नाही सापडली तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा, कारण फॉरवर्ड होताना शुद्धलेखन बदलत जातं. मोठ्या लेखकाचं नाव खाली असेल, तर कविता त्यांच्या कोणत्या संग्रहात आहे हे विचारा. संग्रहाचं नाव कोणालाच सांगता येत नसेल, तर ती त्यांची असण्याची खात्री धरू नका. चित्रासाठी गूगल लेन्स वापरा आणि सर्वांत जुनी, सर्वांत मोठ्या आकाराची प्रत कुठे आहे ते बघा. सही असलेली प्रत बऱ्याचदा तिथेच सापडते.

तरीही नाव नाही मिळालं, तर 'कवी अज्ञात' असं न लिहिता 'कवीचं नाव माहीत असल्यास सांगा' असं लिहा. पहिल्या वाक्याने शोध संपतो, दुसऱ्याने सुरू राहतो. नाव कळलं की पोस्ट दुरुस्त करा, नुसतं कमेंटमध्ये सोडू नका. कमेंट फॉरवर्ड होत नाही.

शिफारस करताना कुठे थांबायचं?

नाव देणं चांगलं, पण कुठलं नाव द्यायचं हे लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं.

मराठीत टोपणनावांची परंपरा मोठी आहे : गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, आरती प्रभू, ग्रेस. आज अनेक जणी टोपणनावाने लिहितात, त्याचं कारण मात्र नेहमी साहित्यिक नसतं. एखादी सासरच्या घुसमटीबद्दल लिहिते, एखादी ऑफिसमधल्या त्रासाबद्दल. तुम्ही तिला ओळखता आणि अभिमानाने लिहिता, 'ही आमच्या अमुकची बायको बरं का, काय लिहिते!' तुमच्यासाठी ते कौतुक असतं. तिच्यासाठी कदाचित तो लिहिण्याचा शेवटचा दिवस असतो. म्हणून मोजक्या लोकांसाठी ठेवलेल्या प्रोफाइलवरचं काही शेअर करायचं असेल, खरं नाव किंवा फोटो टाकायचा असेल, तर आधी विचारा. एका मेसेजचं काम आहे.

दुसरी मर्यादा पैशांची. शिफारशीच्या बदल्यात पैसे, मोफत पुस्तकं किंवा भेटवस्तू घेतल्या असतील तर ते स्पष्ट सांगावं लागतं. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेच्या २०२१ च्या आणि ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. 'पुस्तक प्रकाशकाने पाठवलं आहे' ही एक ओळ वर लिहिली की विषय संपला.

मग आज काय करता येईल?

तुमच्या फोनमध्ये 'सेव्ह' केलेल्या पोस्ट उघडा. त्यात नक्कीच एखादी कविता, एखादी छोटी कथा किंवा चित्र असेल, जे तुम्ही महिनाभरापूर्वी जपून ठेवलं आणि विसरून गेलात. ते कोणी केलंय ते बघा. त्यांच्या आणखी दोन गोष्टी वाचा. मग चार ओळी लिहा, नाव आणि लिंकसह, आणि ज्या ग्रुपवर तुम्ही रोज सुप्रभात पाठवता त्याच ग्रुपवर टाका.

आणि हो, ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाही एक मेसेज करा. तुमची अमुक कविता आवडली, अमुक कारणासाठी आवडली. दहा हजार लाइक्सपेक्षा अशा एका मेसेजवर लोक पुढची कविता लिहितात.